श्रीमंत सयाजीराव महाराज आणि अनेकांचे एक राज्य

बडोद्यात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी कुटुंबांस कै. श्रीमंत सयाजीराव महाराजांची ओळख करून देण्याचे खरोखर कारण नाही. त्यांच्या शाळांत आमचे आजोबा-पणजोबा शिकले आणि त्यांच्या ग्रंथालयात आम्ही आजही जातो. तथापि त्यांच्या चरित्राची एक बाजू अशी आहे की, तिच्याकडे आम्ही मराठी माणसे पुरेसे लक्ष देत नाही. निरनिराळ्या भाषांची, धर्मांची व जातींची माणसे एका राज्यात नांदवावयाची. त्यांचे वेगळेपण तर पुसावयाचे नाही, आणि राज्याची शकलेही होऊ द्यावयाची नाहीत, हे अवघड काम त्यांनी आयुष्यभर केले. त्यात त्यांना कोठे यश आले व कोठे हात टेकावे लागले, हे पाहण्यासाठी हा लेख.

महाराजांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. मूळ नाव गोपाळराव. १८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांस पदच्युत केले आणि पुढच्याच महिन्यात महाराणी जमनाबाईंनी या मुलास दत्तक घेतले. त्या वेळी बारा वर्षांच्या गोपाळरावांस अक्षरओळखही नव्हती. मग मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचे शिक्षण एकदमच सुरू झाले. एवढ्या वयाच्या मुलावर हा भार थोडाथोडका नव्हता. परंतु प्रजेशी प्रजेच्या भाषेत बोलता येणे हा राजाच्या शिक्षणाचाच भाग आहे, हा धडा त्यांना गादीबरोबर मिळाला. दिवाण सर टी. माधवराव हे कुंभकोणमकडचे, म्हणजे तंजावरच्या मराठी समाजातले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीपण सांभाळणे व परमुलखाची सेवा करणे या दोहोंत विरोध नाही, याचे उदाहरण बालराजासमोर रोज वावरत होते. डिसेंबर १८८१ मध्ये महाराजांनी कारभार हाती घेतला.

राज्य होते तरी कसे? नकाशावर पाहिले तर फाटक्या गोधडीचे तुकडे. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे प्रांत एकमेकांस लागून नव्हते. एकातून दुसऱ्यात जाताना परका मुलूख ओलांडावा लागे. कडी प्रांतात जैनांच्या ग्रंथभांडारांचे पाटण आणि मातृगयेचे सिद्धपूर. नवसारी हे पारशी समाजाचे मोठे धर्मपीठ, आणि त्याच प्रांताच्या रानात आदिवासींची वस्ती. तिकडे ओखामंडळात द्वारका, म्हणजे चार धामांपैकी एक धाम गायकवाडी मुलखात, आणि तिच्या आसपास लढाऊ वाघेर. प्रजा वीस लाखांच्या घरात. तीत बहुतेक गुजराती बोलणारी. मराठी बोलणारे अगदी थोडे, परंतु दरबार, सरदार, शिबंदी आणि दफ्तर यांत मान त्यांचा. अशा ठिकाणी राज्यकर्त्यांची भाषा सर्वांवर लादणे सोपे असते. महाराजांनी कारभार गुजरातीतून चालविला. काही सरदार घराण्यांस ते रुचले नाही. त्यांचे दुःख आम्ही समजू शकतो, पण त्यांचा आग्रह न्याय्य होता असे आम्हांस वाटत नाही. महाराजांनी मराठी टाकली नाही. तिचा मान ठेवून तिची मक्तेदारी तेवढी काढली. मराठी मुलांसाठी मराठी शाळा आणि उर्दूत शिकू इच्छिणाऱ्यांसाठी उर्दू शाळा चालू राहिल्या. १९०९ मध्ये मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, आणि तीनच वर्षांनी गुजराती साहित्य परिषदही याच शहरात भरली. त्या वेळी ग्रंथप्रकाशनासाठी त्यांनी दोन लाख रुपये बाजूला काढले, त्यांतून श्री सयाजी साहित्यमालेची गुजराती व मराठी पुस्तके निघाली.

माणसे निवडतानाही हीच दृष्टी. अब्बास तय्यबजी हे वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश, रमेशचंद्र दत्त हे बंगालचे गृहस्थ दिवाण. अरविंद घोष १८९३ ते १९०६ येथे नोकरीस होते. संगीताची शाळा उस्ताद मौलाबक्षांच्या हाती होती.

शाळांवर महाराजांचा मोठा भर. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, आणि १९०६ मध्ये ती सक्ती सर्व राज्यास लागू झाली. अस्पृश्य मुलांसाठी शाळा त्याच्याही आधी निघाल्या होत्या. तेथे शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक पुढे येईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. ही गोष्ट आम्हा हिंदूंस लाजविणारी आहे; पुढे १९०८ मध्ये आर्यसमाजी पंडित आत्मारामजींनी हे काम अंगावर घेतले, तेव्हा तिची थोडीशी भरपाई झाली.

आता आमच्या घरच्या विषयाकडे वळतो. १९१५ मध्ये महाराजांनी हिंदू पुरोहितांसंबंधी कायदा केला. पौरोहित्य करणाराने परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा, आणि विधीचा अर्थ यजमानास समजेल अशा भाषेत सांगावा, असा त्याचा आशय. आम्ही पुरोहिताच्या घरात वाढलो, त्यामुळे या कायद्याची निंदा आणि स्तुती दोन्ही आमच्या कानांवर आहेत. निंदा करणारे म्हणत की, ज्ञान वडिलांकडून मुलाकडे येते, त्यात सरकारी कचेरीचा शिक्का कशाला? शिवाय कायदा हिंदूंच्याच पुरोहितांना. इतर धर्मांच्या आचार्यांची परीक्षा का नाही? हा दुसरा आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाही. सर्व धर्मांच्या प्रजेवर राज्य करणारा राजा एकाच धर्माच्या घरात झाडलोट करू लागला, म्हणजे त्या घरच्यांस अवघडल्यासारखे होणारच. पण यजमानाची बाजूही आहे. मंत्र संस्कृत, ते काशीपासून रामेश्वरापर्यंत एकच. त्यांचा अर्थ मात्र गुजराती कुटुंबास गुजरातीत आणि मराठी कुटुंबास मराठीत कळला पाहिजे. ज्या विवाहसंस्कारात वधूवर शब्दन्‌शब्द न कळता मान डोलावतात, तो संस्कार टिकविण्याचे पुण्य पुरोहिताने घ्यावे काय? या प्रश्नास आमच्याकडे उत्तर नाही, म्हणून आम्ही कायद्याच्या बाजूचे आहोत. श्रावणमासाच्या दक्षिणेसही त्यांनी परीक्षेची जोड दिली, हे येथे सांगितले पाहिजे.

जातीची रूढी आणि व्यक्तीचे हित यांत तंटा आला की महाराज व्यक्तीच्या बाजूस जात. १९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीस बारा व मुलास सोळा वर्षांची मर्यादा घातली. लोकांनी दंड भरला आणि लग्ने उरकली! वरून आलेला कायदा घरात शिरण्यास वेळ लागतो. १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा आणि १९३३ मध्ये जातीच्या जुलुमाविरुद्धचा कायदा आला.

सर्वांत मोठी परीक्षा मात्र १९१७ मध्ये झाली, आणि तीत बडोदे शहर नापास झाले. डॉ. भीमराव आंबेडकरांस १९१३ मध्ये महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले होते. कोलंबिया विद्यापीठात शिकून ते करारानुसार नोकरीसाठी येथे आले. राजा अनुकूल, हुद्दा मोठा. पण राहण्यास खोली कोणी देईना. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले, तेथूनही जात उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. हिंदू वा ख्रिस्ती मित्राच्या घरीही आसरा मिळाला नाही. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकीत. ते मुंबईस परतले. महाराजांचे गुण गाताना हे पान उलटून पुढे जाणारे पुष्कळ आहेत. आम्हांस ते पान सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण येथे राजाची इच्छा राजवाड्याच्या फाटकापर्यंतच चालली.

उतारवयातही त्यांचा उद्योग थांबला नाही. १९३१ मध्ये श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांस गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली या भाषांत काय म्हणावे, ते त्यात शेजारीशेजारी दिले आहे. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. आयुष्यभर गुजरातीतून राज्य चालविणाऱ्या राजास मराठी साहित्यिकांनी दिलेला तो मान आम्हांस फार सूचक वाटतो. १९३३ मध्ये शिकागो येथे सर्व धर्मांच्या परिषदेतही ते बोलले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६० पासून हे शहर गुजरात राज्यात आहे.

गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ महाराजांनी बांधलेले कीर्तिमंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. शिखरावरील अखंड भारताचा नकाशा बहुतेक मुले बोट दाखवून ओळखतात. आतील भिंतींकडे मात्र मान वर करून फारसे कोणी पाहत नाही. त्या रंगविण्याचे काम शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांजकडे होते, आणि ते महाराजांच्या मागे १९४६ पर्यंत चालले. एका भिंतीवर गंगावतरण आहे, एकीवर महाभारतातील युद्ध. तिसरीवर मीराबाईचे चरित्र आहे, जी राजस्थानातून निघून द्वारकेस आली. चौथीवर रवींद्रनाथांच्या नाटकातील ती नर्तकी आहे, जी बुद्धाच्या पूजेसाठी प्राण देते.