सशाच्या पित्तात डोकावणारा कापडदुकानदार

अँटनी व्हॅन लेवेनहूक ना वैद्य होते, ना विद्यापीठात शिकलेले. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे १६३२ साली एका टोपल्या विणणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. अ‍ॅमस्टरडॅमला कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारी करून ते गावी परतले आणि स्वतःचे दुकान थाटले. त्या काळी कापडाचा पोत तपासायला भिंग वापरत. लेवेनहूक यांना भिंगांचाच नाद लागला. इवलीशी भिंगे घासून त्यांनी ५०० हून अधिक सूक्ष्मदर्शक बनवले. लॅटिन येत नसल्याने १६७३ पासून ते लंडनच्या रॉयल सोसायटीला डच भाषेतच पत्रे लिहू लागले.

१६७४ साली त्यांनी सशाचे पित्त भिंगाखाली धरले. त्यात त्यांना अंडाकृती कण दिसले. ते काय आहेत हे त्यांना उमगले नाही, पण जे दिसले ते त्यांनी नोंदवून ठेवले. एकपेशीय परजीवीची ही पहिली नोंद मानली जाते. हे कण म्हणजे ‘आयमेरिया स्टायडी’ या परजीवीच्या कवचबंद पुटी असाव्यात. या परजीवीला शास्त्रीय नाव मिळायला १८६५ साल उजाडले.

सशांच्या यकृताला होणाऱ्या कॉक्सिडिओसिसचे मूळ हाच परजीवी. दूषित चाऱ्या-पाण्यातून पुटी पोटात जातात. त्यांतून बाहेर पडलेले जीव यकृतातील पित्तनलिकांच्या अस्तरात वाढतात. यकृत सुजते, त्यावर पिवळट-पांढऱ्या गाठी येतात. पिल्लांना खाल्लेले अंगी लागत नाही, पोट फुगते आणि अनेकदा ती दगावतात. मोठे ससे मात्र धडधाकट दिसूनही लेंड्यांतून पुटी पसरवत राहतात.

बचावाची एक संधी निसर्गानेच ठेवली आहे. ताज्या लेंडीतील पुटी लगेच रोग देत नाही. ओलावा आणि हवा मिळाल्यावर तिला तयार व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. म्हणून पिंजरा रोज साफ करावा, कोरडा ठेवावा, तळाला जाळी असावी आणि चारा जमिनीवर टाकू नये. औषध पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच द्यावे. हा परजीवी माणसाला बाधत नाही.

१६८० मध्ये लेवेनहूक रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १७२३ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, वारले. सशांची पिल्ले मरू लागली की आजही पशुवैद्य लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि तेच अंडाकृती कण शोधतात.