विश्लेषण : महागड्या ताऱ्यांविना युरोप जिंकणारा संघ… जॉक स्टीन यांनी सेल्टिक कसा घडवला?

युरोपियन फुटबॉलमध्ये जेतेपदाचे गणित अनेकदा खरेदीच्या आकड्यांवरून मांडले जाते. मात्र २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये युरोपियन चषक उंचावणाऱ्या सेल्टिक संघातील सर्व ११ खेळाडू क्लबच्या मैदानापासून साधारण ३० मैलांच्या (जवळपास ४८ किलोमीटर) परिसरात जन्मलेले होते. हा चषक जिंकणारा तो पहिला ब्रिटिश क्लब. त्यामागे होते एकेकाळी कोळसा खाणीत राबणारे व्यवस्थापक जॉक स्टीन. त्यांनी हा संघ कसा उभा केला आणि ती पद्धत पुढे कुठे तोकडी पडली, याविषयी…

खाण ते मैदान हा प्रवास कसा झाला?

जॉक स्टीन यांचा जन्म ५ ऑक्टोबर १९२२ रोजी स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यातील बर्नबँक या वस्तीत झाला. हा सारा पट्टा कोळसा खाणींचा. किशोरवयातच ते खाणीत उतरले आणि दशकाहून अधिक काळ तिथे राबले. १९४२ पासून ते अल्बियन रोव्हर्स या छोट्या क्लबकडून खेळू लागले, तरी खाणीतले काम सुटले नाही. आठवडाभर भूगर्भात आणि शनिवारी मैदानावर, असा हा दिनक्रम होता. अंधारात शेजारच्या माणसाच्या सावधपणावर आपला जीव अवलंबून असतो, हा खाणीतला अनुभव त्यांच्या संघाच्या कल्पनेत कायम राहिला.

पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू होण्यासाठी १९५० मध्ये ते वेल्समधील लानेली या क्लबकडे गेले. हा क्लब इंग्लिश लीगच्याही बाहेरचा. दरम्यान स्कॉटलंडमधील त्यांच्या घरी दोनदा चोरी झाली आणि कुटुंबाला परतीची ओढ लागली. डिसेंबर १९५१ मध्ये सेल्टिकने त्यांना अवघ्या १,२०० पौंडांत घेतले, तेही प्रामुख्याने राखीव संघासाठी. मुख्य संघातील बचावपटू जखमी झाले आणि स्टीन यांना संधी मिळाली. पुढे ते कर्णधार झाले. १९५३ मध्ये कोरोनेशन चषक आणि १९५३-५४ च्या हंगामात लीग व स्कॉटिश चषक असे दुहेरी यश सेल्टिकने त्यांच्या नेतृत्वाखाली मिळवले. असामान्य कौशल्य नसलेला, पण सामन्याची नस ओळखणारा खेळाडू अशी त्यांची ख्याती होती. घोट्याच्या दुखापतीमुळे १९५७ मध्ये त्यांची कारकीर्द संपली.

प्रशिक्षक म्हणून जडणघडण कुठे झाली?

निवृत्तीनंतर सेल्टिकने त्यांच्याकडे राखीव संघातील तरुणांची जबाबदारी सोपवली. बिली मॅक्नील, जॉन क्लार्क ही मुले त्यांच्या हाताखाली आली. मार्च १९६० मध्ये स्टीन डन्फर्मलिनचे व्यवस्थापक झाले. या क्लबवर त्या वेळी पदावनतीची टांगती तलवार होती. पहिले सहाही सामने जिंकून त्यांनी क्लबला वाचवले. पुढच्याच वर्षी स्कॉटिश चषकाच्या अंतिम फेरीत त्यांनी चक्क सेल्टिकला हरवले. १९६३ मध्ये ते इटलीला गेले आणि इंटर मिलानचे प्रशिक्षक हेलेनिओ हेरेरा यांचा सराव त्यांनी जवळून पाहिला. चार वर्षांनी याच हेरेरांच्या संघाशी त्यांची गाठ पडणार होती. १९६४ मध्ये हिबर्नियनची सूत्रे घेतल्यावर त्यांच्या संघाने मैत्रीपूर्ण सामन्यात रेयाल माद्रिदला २-० असे नमवले.

सेल्टिकची तेव्हा अवस्था काय होती?

मार्च १९६५ मध्ये स्टीन सेल्टिकमध्ये परतले, तेव्हा क्लबने सात वर्षांहून अधिक काळ एकही मोठी स्पर्धा जिंकली नव्हती. गुणी तरुणांची वानवा नव्हती. उणीव होती ती दिशेची. अध्यक्ष बॉब केली यांचा संघनिवडीत मोठा हस्तक्षेप असे. सरावात चेंडूपेक्षा मैदानाभोवतीच्या फेऱ्यांवर भर होता. त्यामुळे संघनिवड आणि फुटबॉलविषयक सर्व निर्णय आपलेच असतील, अशी अट घालूनच स्टीन यांनी पद स्वीकारले.

आणखी एक पदर सामाजिक होता. आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक स्थलांतरितांनी उभा केलेला क्लब ही सेल्टिकची ओळख. स्टीन हे या क्लबचे पहिले प्रोटेस्टंट व्यवस्थापक. खेळाडू म्हणून सेल्टिकमध्ये गेल्यावर त्यांना काही जुने मित्र दुरावले होते. प्रतिस्पर्धी रेंजर्स त्या काळी कॅथलिक खेळाडू घेणे टाळत असे. स्टीन यांनी मात्र धर्म न पाहता खेळ पाहिला. ग्लासगोसारख्या दुभंगलेल्या शहरात निवडीचा परीघ असा रुंदावणे हा मैदानावरचाही फायदाच होता.

स्टीन यांनी नेमके काय बदलले?

स्टीन यांनी सरसकट नवा संघ विकत घेतला नाही. असलेल्या खेळाडूंच्या जागा त्यांनी बदलल्या. आघाडीच्या फळीत खेळणाऱ्या बॉबी मर्डॉकला त्यांनी मागे खेचून मध्यरक्षक केले. त्याच्या लांब आणि अचूक पासभोवती साऱ्या संघाचा खेळ गुंफला गेला. डाव्या बगलेवरच्या बर्टी ऑल्डलाही त्यांनी मधल्या फळीत आणले. फुल-बॅक टॉमी गेमेलला पुढे धावण्याची मोकळीक दिली. बचावपटूने आपला अर्धा भाग सोडू नये, असे मानण्याच्या काळात हे धाडसच होते.

सरावात चेंडू आला. सूट घालून कार्यालयात बसणाऱ्या व्यवस्थापकांच्या जमान्यात स्टीन ट्रॅकसूट घालून रोज मैदानावर उतरत. प्रत्येकाला आपले आणि शेजारच्याचे काम ठाऊक असावे, यावर त्यांचा भर होता. १९६६ च्या उन्हाळ्यात संघ उत्तर अमेरिकेच्या प्रदीर्घ दौऱ्यावर गेला. तिथे नवे डावपेच तपासले गेले आणि आठवडेच्या आठवडे एकत्र राहिल्याने खेळाडूंची मोट घट्ट बांधली गेली.

संघावर खर्च किती झाला?

लिस्बनमध्ये खेळलेल्या ११ जणांपैकी फक्त तिघांसाठी दखल घेण्याजोगी रक्कम मोजली गेली होती : गोलरक्षक रॉनी सिम्प्सन, बर्टी ऑल्ड आणि विली वॉलेस. त्यात सर्वांत महागडा वॉलेस, ३० हजार पौंडांचा. मँचेस्टर युनायटेडने १९६२ मध्ये डेनिस लॉ या एका खेळाडूसाठी १ लाख १५ हजार पौंड मोजले होते. सेल्टिकचा अख्खा संघ त्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत उभा राहिला.

सिम्प्सनची गोष्ट तर गमतीची आहे. हिबर्नियनमध्ये असताना स्टीन यांनीच त्याला नको म्हणून सेल्टिकला विकले होते. सेल्टिकमध्ये पुन्हा गाठ पडल्यावर त्याचा खेळ पाहून त्यांनी आपले मत बदलले आणि वयाच्या ३६ व्या वर्षी तो युरोपियन विजेता ठरला. डिसेंबर १९६६ मध्ये गोलांचा धडाका लावणारा आघाडीवीर जो मॅकब्राइड जखमी होऊन हंगामाबाहेर गेला. एखादा संघ अशा वेळी कोलमडला असता. सेल्टिककडे त्याच महिन्यात आलेला वॉलेस होता आणि उपांत्य फेरीत दुक्ला प्रागविरुद्ध त्यानेच दोन गोल केले.

लिस्बनमध्ये काय घडले?

अंतिम फेरीत समोर इंटर मिलान होता. १९६४ आणि १९६५ चा विजेता, आणि भक्कम बचावाची ‘कतेनाच्चो’ पद्धत जगभर गाजवणारा. सातव्या मिनिटाला जिम क्रेगने पेनल्टी क्षेत्रात केलेल्या चुकीमुळे इंटरला पेनल्टी मिळाली आणि सांद्रो माझ्झोलाने गोल केला. आघाडी घेतल्यावर दार बंद करून घेणे ही इंटरची खासियत. पण सेल्टिकच्या आघाडीवीरांनी जागा बदलत इंटरच्या बचावपटूंना इकडेतिकडे ओढले. त्यातून मोकळ्या झालेल्या जागेत मागून फुल-बॅक धावत येऊ लागले. क्रॉसबारने सेल्टिकचे दोन गोल अडवले, तर गोलरक्षक सार्तीने कित्येक फटके रोखले.

अखेर ६३ व्या मिनिटाला क्रेगने दिलेल्या पासवर गेमेलने दूरवरून सणसणीत फटका लगावला. पेनल्टी देणाराच गोलचा वाटेकरी ठरला. शिवाय उजव्या फुल-बॅकच्या पासवर डाव्या फुल-बॅकने गोल करावा, यातच स्टीन यांच्या फुटबॉलचे सार होते. सामना संपायला काही मिनिटे असताना मर्डॉकच्या फटक्याला स्टीव्ही चाल्मर्सने दिशा दिली आणि सेल्टिक २-१ ने जिंकला. त्या हंगामात लीग, स्कॉटिश चषक, लीग चषक, ग्लासगो चषक आणि युरोपियन चषक अशा खेळलेल्या पाचही स्पर्धा सेल्टिकने जिंकल्या.

मग संघात तारे नव्हतेच का?

होते. बुटका, चपळ विंगर जिमी जॉन्स्टन हा त्या काळातील युरोपातील सर्वोत्तम विंगरपैकी एक होता. तितकाच तो सांभाळायला अवघड. स्टीन यांनी त्याचे लाड केले नाहीत, पण त्याचा स्वभाव नेमका ओळखला. नोव्हेंबर १९६८ मध्ये रेड स्टार बेलग्रेडविरुद्ध घरच्या मैदानावर मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. जॉन्स्टनला विमानप्रवासाची विलक्षण धास्ती. चार गोलांच्या फरकाने जिंकलो तर परतीच्या लढतीसाठी तुला बेलग्रेडला यावे लागणार नाही, असे आश्वासन स्टीन यांनी त्याला दिले. जॉन्स्टनने दोन गोल केले, इतर गोलांतही वाटा उचलला आणि सेल्टिक ५-१ ने जिंकला. स्टीन यांनी शब्द पाळला.

हे प्रारूप कुठे कमी पडले?

१९७० मध्ये सेल्टिक पुन्हा युरोपियन चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. उपांत्य फेरीत लीड्सला नमवल्याने फेयेनूर्डविरुद्ध त्यांचेच पारडे जड मानले जात होते. मात्र फेयेनूर्डच्या तीन मध्यरक्षकांपुढे सेल्टिकचे दोघे अपुरे पडले आणि जादा वेळेत २-१ असा पराभव झाला. सारा संघ नीट बसवला तरी प्रतिस्पर्ध्याला कमी लेखण्याची किंमत मोजावी लागतेच.

दुसरी मर्यादा पैशांची होती. लिस्बनचे वीर थकण्याआधीच राखीव संघात केनी डाल्ग्लिश, डॅनी मॅकग्रेन, लू मकारी, डेव्हिड हे अशी नवी पिढी तयार झाली होती. त्यामुळेच १९६६ ते १९७४ अशी सलग नऊ लीग जेतेपदे शक्य झाली. पण इंग्लंडमधील क्लबच्या तुलनेत सेल्टिकचे वेतन तुटपुंजे होते. मकारी १९७३ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडे, हे १९७४ मध्ये चेल्सीकडे, तर डाल्ग्लिश १९७७ मध्ये ४ लाख ४० हजार पौंडांत लिव्हरपूलकडे गेला. त्यानंतरच्या हंगामात सेल्टिक लीगमध्ये पाचव्या स्थानी घसरला. खेळाडू घडवता येतात, पण ते टिकवायला तिजोरीही लागते, हे तेव्हाच दिसून आले.

आणखी एक विरोधाभास होता. सारी सूत्रे एका हाती असल्याने तो माणूसच संघाचा खरा तारा बनला. जुलै १९७५ मध्ये स्टीन मोटार अपघातात गंभीर जखमी झाले. त्यांच्याविना गेलेल्या हंगामात सेल्टिकच्या हाती एकही करंडक लागला नाही. ते परतले आणि १९७६-७७ मध्ये पुन्हा दुहेरी यश मिळाले.

अखेरची वर्षे कशी गेली?

१० लीग जेतेपदे, ८ स्कॉटिश चषक, ६ लीग चषक आणि १ युरोपियन चषक इतकी कमाई करून स्टीन यांनी १९७८ मध्ये सेल्टिकचे व्यवस्थापकपद सोडले. त्यांची जागा घेतली बिली मॅक्नीलने, राखीव संघापासून त्यांनीच घडवलेल्या कर्णधाराने. लीड्समध्ये अवघे ४४ दिवस काढून स्टीन स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाकडे वळले. १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध विश्वचषक पात्रतेचा सामना होता. उशिराच्या पेनल्टीमुळे स्कॉटलंडला हवी असलेली बरोबरी मिळाली. त्याच सामन्याच्या अखेरीस स्टीन मैदानालगत कोसळले आणि स्टेडियममध्येच त्यांचे निधन झाले. ते ६२ वर्षांचे होते. त्या दिवशी त्यांचे सहायक म्हणून ॲलेक्स फर्ग्युसन तिथे होते. पुढे मँचेस्टर युनायटेडमध्ये घरच्या तरुणांची पिढी घडवताना फर्ग्युसन यांनी स्टीन यांचे ऋण वारंवार मान्य केले.

आजच्या क्लबसाठी त्यात काय आहे?

१९९५ च्या बॉसमन निकालानंतर युरोपात खेळाडूंची ये-जा मुक्त झाली. ३० मैलांच्या परिघातील ११ जणांनी युरोप जिंकणे आता जवळपास अशक्य आहे. मात्र खेळाडूला त्याच्या योग्य जागी खेळवणे, एक जखमी होण्याआधीच दुसरा तयार ठेवणे आणि मुख्य संघ शिखरावर असतानाच पुढची पिढी घडवणे ही कामे आजही पैशांनी आपोआप होत नाहीत. त्यासाठी लागणारा वेळ आणि अधिकार प्रशिक्षकाला द्यायला किती क्लब तयार आहेत, हा खरा प्रश्न आहे.