राजगृह

परमपूज्य बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, म्हणजे आम्हां पालीकरांच्याच जिल्ह्यातलं. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर गेले, पण जातीपायी खोलीच मिळेना. पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले, सामानासकट बाहेर काढलं. एवढा विलायत पाहिलेला विद्वान, कमाठीबागेत बसून रडला! मुंबईत परळच्या चाळीत दोन खोल्यांचा संसार होता. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचं घर बांधलं, नाव मगधाच्या राजधानीचं. बांधलं म्हणाल तर पुस्तकांसाठीच. माता रमाईंना ते सुख थोडंच लाभलं. २७ मे १९३५ रोजी त्या तिथेच गेल्या. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांनी कॉलेज काढलं, तिथे खेड्यापाड्यांतल्या पोरांना राहायला वसतिगृहंही झाली.