बॅरिस्टर बाबासाहेब आणि तळ्याचा दावा

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जीवनचरित्र आपल्या निवासी विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. संविधानाचे शिल्पकार, थोर अर्थशास्त्रज्ञ आणि धम्मचक्र पुन्हा गतिमान करणारे महामानव म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परंतु काळा झगा अंगावर घेऊन न्यायालयात उभे राहणारे वकील बाबासाहेब आपल्या स्मरणात तितकेसे येत नाहीत. महाडच्या एका तळ्यासाठी चाललेल्या दाव्यात त्यांनी कायद्याच्या राज्याचे जे रक्षण केले, त्याचे स्मरण या स्मरणिकेच्या निमित्ताने करणे उचित ठरेल.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनमध्ये शिकले. ग्रेज इन या संस्थेतून बॅरिस्टर होऊन ते १९२३ साली मुंबईस परतले. वकिलीची सनद काढण्यापुरते पैसेही तेव्हा हाताशी नव्हते. ते पारशी स्नेही नवल भथेना यांनी उसने दिले. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील कामे सॉलिसिटरांच्या हातून येत आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम सोपवण्यास कोणी धजत नसे. म्हणून परळच्या दामोदर हॉलमध्ये कचेरी थाटून बाबासाहेबांनी गोरगरिबांची प्रकरणे हाती घेतली. उपजीविकेसाठी ते व्यापारी कायदाही शिकवीत. पुढे १९३५ साली हेच बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

पक्षकार निवडताना त्यांनी लोकप्रियता पाहिली नाही. दिनकरराव जवळकर यांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिक्षा झाली, तेव्हा १९२६ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात अपील चालवून बाबासाहेबांनी त्यांची निर्दोष मुक्तता करवून घेतली. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा संपादक र. धों. कर्वे यांच्या बाजूने ते उभे राहिले. तो खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. समाज ज्याच्यावर रुष्ट आहे, त्याचीही बाजू न्यायासनापुढे समर्थपणे मांडली गेली पाहिजे, हे वकिलाचे कर्तव्य त्यांनी यशापयशाचा हिशेब न करता पाळले.

त्यांच्या विधिज्ञतेची खरी कसोटी मात्र महाडला लागली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलने संमत केला होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर परिषदेस आलेल्या निःशस्त्र लोकांवर हल्ला झाला. अनुयायांच्या मनात प्रतिकाराचा क्षोभ उसळला. परंतु बाबासाहेबांनी त्यांना आवरले.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तो रोखण्यासाठी सनातनी मंडळींनी महाडच्या न्यायालयात दावा लावला. तळे ही आपली खासगी मालमत्ता असून अनादी काळापासून अस्पृश्यांना तेथे मज्जाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रतिवादींमध्ये बाबासाहेबांचेच नाव होते. सत्याग्रहाच्या तोंडावर, १४ डिसेंबर रोजी, न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. इकडे गावोगावहून आलेले हजारो स्त्री-पुरुष तळ्यावर जाण्यासाठी, प्रसंगी तुरुंगात जाण्यासाठीही सिद्ध होते.

त्या क्षणी नेत्याचे मन एकीकडे आणि वकिलाचा विवेक दुसरीकडे ओढत असला पाहिजे. अखेरीस बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित करविला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पण पाण्याला हात लावला नाही. अनेक जण खिन्न मनाने परतले. त्यांचे दुःख लहान नव्हते. याच परिषदेत २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले होते. विषमतेचा धर्मग्रंथ जाळणारे हात न्यायालयाचा हुकूम मात्र पाळत होते. या दोन कृतींत विसंगती नव्हती. रूढी हा कायदा नव्हे, म्हणून ती झुगारायची. आणि न्यायालयाचा हुकूम चुकीचा वाटला तरी तो न्यायालयातच पुराव्याने हाणून पाडायचा, हा भेद त्यांच्या मनात सुस्पष्ट होता.

मग पुराव्याची दीर्घ लढाई झाली. महाडच्या न्यायालयात १९३१ साली आणि ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात १९३३ साली निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. वादी उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी त्यांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे ठरले. राहिला प्रश्न रूढीचा. जो रूढीचा आधार घेतो, त्यानेच ती अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध केले पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. वादींना ते सिद्ध करता आले नाही. आजवर कोणी पाण्यावर आले नाही, एवढ्यावरून त्यास येण्याचा अधिकार नाही, असे ठरत नाही. शतकानुशतके धर्माज्ञा म्हणून मिरवलेली गोष्ट साक्षीपुराव्याच्या कसोटीवर टिकली नाही. काठीने जे साधले नसते, ते चिकाटीने चालविलेल्या दाव्याने साधले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या निकालाचा अंमल मात्र आपल्या मुलखात नव्हता. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता. आपल्या आजी-पणजीच्या पिढीने विहिरीपासून दूर उभे राहून, कोणी वरून पाणी ओतील म्हणून वाट पाहिली आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली आणि २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. त्याच्या अनुच्छेद १५ मध्ये सार्वजनिक विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी एका तळ्यासाठी न्यायालयात जी झुंज दिली, तिचा आशय आता साऱ्या देशाचा मूलभूत अधिकार झाला होता. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद ३२ ने हक्क हिरावला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याची वाट दिली. ही वाट बाबासाहेबांना संविधानाचा प्राण वाटे, कारण उपायावाचून हक्क म्हणजे कुलूपबंद विहीर, हे त्यांनी अनुभवले होते.

संविधान आले म्हणून गावोगावचे पाणवठे एका रात्रीत खुले झाले नाहीत. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविरुद्ध कायदा करावा लागला, १९८९ साली अत्याचारांना आळा घालणारा दुसरा करावा लागला. कायदा स्वतःहून चालत नाही. त्याला चालविणारी माणसे लागतात. तक्रार नीट लिहिणारा, कागद जपून ठेवणारा, तारखेला न चुकता हजर राहणारा आणि धाक न बाळगता खरी साक्ष देणारा माणूस लागतो. त्याच्या पाठीशी उभा राहणारा जाणता वकील लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या विद्यालयाच्या नळाखाली आपण ओंजळ धरतो, तेव्हा आपली जात कोणी विचारीत नाही. ही सहजता कोणी तरी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढून मिळविलेली आहे. तुमच्यापैकी काही जण उद्या वकील होतील, काही न्यायाधीशही होतील. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण पावलेल्या त्या महान विधिज्ञास खरे अभिवादन करावयाचे असेल, तर आपल्या दारी येणाऱ्या दुबळ्या पक्षकाराची बाजू, तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, तितक्याच तयारीने मांडा. चवदार तळ्याच्या पाण्याचे ऋण असेच फेडता येईल.