ना. वा. टिळक : अधिकार आणि सेवा

बायबलमध्ये गर्विष्ठ सत्ताधीशांना दिलेले इशारे ठिकठिकाणी आढळतात. स्वतःच्या वैभवाने फुगलेला बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर राज्याला मुकला आणि पशूंप्रमाणे गवत खाऊ लागला, ही कथा दानीएलच्या ग्रंथात येते. शुभवर्तमानात याच विचाराची दुसरी बाजू दिसते. तेथे येशू शिष्यांचे पाय धुतो आणि मोठेपण हवे असणाऱ्याने सर्वांचा सेवक व्हावे, असे शिकवतो. विद्यार्थिमित्रांनो, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही ज्यांची कर्मभूमी, त्या नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) चरित्र या शिकवणीच्या प्रकाशात वाचण्याजोगे आहे.

कोकणातील करजगावच्या चित्पावन कुटुंबात जन्मलेल्या टिळकांच्या हाती १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात नवा करार आला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही परदेशी मिशनऱ्याऐवजी भारतीय पाळकाच्या हातून. हा निव्वळ स्वाभिमान नव्हता. धर्म देणाऱ्याने घेणाऱ्याचा धनी होऊ नये, ही त्यांची धारणा पुढे अधिकच पक्की होत गेली. नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत असताना मिशनऱ्यांचा वडीलकीचा अधिकार आणि भारतीय ख्रिस्ती लोकांचे परावलंबन त्यांना सलत राहिले.

मात्र ज्या अधिकाराविषयी ते मिशनशी वाद घालत, तो घरात त्यांच्याही हाती होता. धर्मांतराचा निर्णय त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेताच केला. त्यातून आलेला काही वर्षांचा विरह आणि टिळकांचा तापट स्वभाव लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लपवलेला नाही. किंबहुना त्यांच्या विनोदाआडची वेदना वाचल्याशिवाय टिळकांचे चरित्र अपुरेच राहते. त्याच टिळकांनी त्यांना लिहावाचायला उत्तेजन दिले आणि कवितेची वाट दाखवली, हेही तितकेच खरे. लक्ष्मीबाई पुढे ख्रिस्ती झाल्या, त्या स्वतःच्या विचाराने. राहुरीच्या वास्तव्यात त्यांच्या मनातील सोवळेओवळे गळून पडले होते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. वय पंचावन्न, हाती शिल्लक बेताची. प्रापंचिक दृष्टीने हा अविचारच होता. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. नाव दरबाराचे असले, तरी बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तेथे बंधू म्हणून प्रवेश होता.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. येशूच्या जीवनावरील त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.