विश्लेषण : कथा लिहिणे विद्यापीठात शिकता येते? फ्लॅनरी ओकॉनर आयोवात काय शिकल्या?

१९४५ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात २० वर्षांची एक विद्यार्थिनी पॉल एंगल यांच्या कार्यालयात गेली. ती जॉर्जिया राज्यातून आलेली. तिचे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे उच्चार एंगल यांना काही केल्या कळेनात. शेवटी त्यांनी कागद पुढे केला आणि काय हवे ते लिहून द्यायला सांगितले. तिने आपले नाव लिहिले, आपण पत्रकार नसल्याचे लिहिले आणि लेखनाच्या कार्यशाळेत यायला मिळेल का, असे विचारले. तिच्या कथा वाचल्यावर एंगल यांनी प्रवेश दिला. पुढे विसाव्या शतकातील अमेरिकी कथेचा विचार जिच्या नावाशिवाय पुरा होत नाही, ती ही फ्लॅनरी ओकॉनर.

पत्रकारितेकडून कथेकडे कशा वळल्या?

ओकॉनर यांचा जन्म २५ मार्च १९२५ रोजी जॉर्जियातील सव्हाना शहरात झाला. घराणे आयरिश वंशाचे आणि कट्टर कॅथलिक; भोवतालचा प्रदेश मात्र प्रोटेस्टंट. लहानपणी त्यांनी पाळलेल्या एका कोंबडीला उलटे चालता येत असे आणि तिचे चित्रीकरण करायला वृत्तपटवाले थेट घरी आले होते. आपल्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण तोच, पुढची सगळी उतरणच, असा विनोद त्या स्वतःवर करत.

त्या १५ वर्षांच्या असताना, १९४१ मध्ये, वडील एडवर्ड यांचे ल्युपसने निधन झाले. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते, असा हा आजार. मिलेजव्हिल गावातील महिला महाविद्यालयातून त्यांनी १९४५ मध्ये समाजशास्त्राची पदवी घेतली. महाविद्यालयाच्या नियतकालिकांसाठी त्या लिनोवर कोरून व्यंगचित्रे छापत. ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाने त्यांची व्यंगचित्रे साभार परत केली. आयोवाची शिष्यवृत्ती मिळाली ती पत्रकारितेची होती. म्हणजे एंगल यांच्या दारात उभी राहिलेली मुलगी हातातली सोय सोडून खात्री नसलेल्या गोष्टीकडे निघाली होती.

आयोवात नेमके काय शिकवत?

इंग्रजी साहित्याचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे कोणत्या तरी थोर लेखकावर प्रबंध लिहिणे, हीच तोवरची रीत. आपल्याकडच्या इंग्रजी विभागांतही ती बराच काळ टिकली. आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्येच वेगळी वाट काढली होती. टीकात्मक प्रबंधाऐवजी विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या कथा-कविता प्रबंध म्हणून चालतील, असे ठरवले. १९३६ मध्ये विल्बर श्राम यांच्या पुढाकाराने तिथे लेखन कार्यशाळा सुरू झाली आणि १९४१ पासून ती एंगल यांच्याकडे आली. महायुद्धानंतर सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता येऊ लागले आणि वर्ग युद्धावरून परतलेल्या पुरुषांनी भरले. त्या वर्गात ओकॉनर मागे, गप्प बसत.

पद्धत साधी होती. कुणाची तरी कथा वर्गात वाचली जाई आणि बाकीचे तिची चिरफाड करत. ओकॉनर यांचे उच्चार अनेकांना समजत नसल्याने त्यांची कथा बहुधा एंगलच वाचून दाखवत. रॉबर्ट पेन वॉरन, अ‍ॅलन टेट, अँड्र्यू लायटल यांच्यासारखे लिहिते लेखक पाहुणे म्हणून येत. क्लिअँथ ब्रुक्स आणि वॉरन यांचे कथासाहित्यावरचे पाठ्यपुस्तक अभ्यासाला होते. त्यात लेखकाच्या चरित्रापेक्षा, कथा कशी बांधली आहे याकडे पाहायला शिकवलेले असे.

मात्र ओकॉनर यांना सर्वात मोठा लाभ झाला तो वाचनाचा. फॉकनर, काफ्का, जॉइस ही नावेही त्यांनी आयोवाला येईपर्यंत ऐकली नव्हती, असे त्यांनी पुढे पत्रांत मोकळेपणाने कबूल केले. वाचन आणि लेखन एकदमच सुरू झाले. साहित्य शिकणे आणि लिहायला शिकणे हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत असे मानणाऱ्यांनी हा तपशील जरूर पाहावा. त्याच काळात त्या रोज चर्चमध्ये जात आणि एका वहीत प्रार्थना लिहीत. चांगले लिहिता यावे, हीच त्या वहीतली मोठी मागणी. ती वही २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

पदवीसाठी काय सादर केले?

सहा कथा. १९४७ मध्ये या कथांवर त्यांना ‘मास्टर ऑफ फाइन आर्ट्स’ ही पदवी मिळाली. त्यातल्या ‘द क्रॉप’ या कथेतील बाई टंकलेखन यंत्रापुढे बसून विषय शोधत राहते आणि ज्यांच्याविषयी तिला काडीचीही माहिती नाही अशा गरीब कुळांवर लिहायला घेते. लेखनाच्या वर्गातील विद्यार्थिनीने असा विषय निवडावा, यात खोडकरपणा आहेच. ‘द ट्रेन’ या कथेतून पुढे ‘वाइज ब्लड’ ही कादंबरी उगवली.

प्रबंधाला नाव देणारी पहिली कथा ‘द जेरेनियम’. ती १९४६ मध्येच ‘अ‍ॅक्सेंट’ या नियतकालिकात छापून आली होती. दक्षिणेतला एक म्हातारा न्यूयॉर्कमध्ये मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आला आहे. त्याला करमत नाही. समोरच्या खिडकीत रोज ठेवली जाणारी जेरेनियमची कुंडी पाहणे, एवढाच त्याचा विरंगुळा. गावाकडचे वडील मुंबई-पुण्यात मुलाकडे आणून ठेवलेल्या कोणत्याही घराला ही कथा परकी वाटू नये.

शिकलेले उपयोगी पडले का?

पहिली कसोटी लगेच आली. ‘वाइज ब्लड’च्या सुरुवातीच्या प्रकरणांसाठी त्यांना राइनहार्ट प्रकाशनाचे ७५० डॉलरचे पारितोषिक मिळाले होते. पण प्रकाशनाच्या संपादकांना ही कादंबरी अधिक सरळ, रुळलेल्या वळणाची हवी होती. दोन पाने छापून यावीत म्हणून कोणतीही दुरुस्ती मान्य करणारे नवे लेखक पुष्कळ असतात. ओकॉनर यांनी नकार दिला. सूचना ऐकेन, पण माझी कादंबरी मी ज्या दिशेने नेते आहे त्याच दिशेने जाईल, अशी त्यांची भूमिका होती. कादंबरी अखेर १९५२ मध्ये दुसऱ्या प्रकाशनाकडून आली.

तोवर सगळे बदलले होते. १९५० च्या डिसेंबरमध्ये, पंचविशीत, त्या गंभीर आजारी पडल्या. वडिलांचाच आजार. आईने तो संधिवात असल्याचे भासवले. खरे नाव १९५२ मध्ये एका मैत्रिणीकडून कळले. न्यूयॉर्कच्या साहित्यवर्तुळात राहण्याचा बेत संपला. मिलेजव्हिलजवळच्या अँडलुशिया या शेतावर त्या आईसोबत राहू लागल्या, मोर पाळू लागल्या. काही वर्षांत कुबड्या आल्या. रोज सकाळी सुमारे तीन तास लेखन, हा नियम मात्र मोडला नाही. कच्चा खर्डा कॅरोलाइन गॉर्डन या ज्येष्ठ लेखिकेकडे जाई आणि लांबलचक, कडक टिपणांसह परत येई. आयोवाचा वर्ग असा टपालाने चालूच राहिला. ‘अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड’ हा कथासंग्रह १९५५ मध्ये आला, दुसरी कादंबरी १९६० मध्ये.

त्यांच्या कथा वर्णाभिमानी गोऱ्यांचा दंभ फार निर्दयपणे उघडा पाडतात. खासगी पत्रांत मात्र कृष्णवर्णीयांविषयी त्यांनी स्वतः लिहिलेले काही मजकूर वाचवत नाहीत. त्यावरून २०२० मध्ये मोठा वाद झाला आणि एका अमेरिकी विद्यापीठाने वसतिगृहाला दिलेले त्यांचे नाव काढले. कथा मोठ्या म्हणून हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

लेखनाच्या वर्गांविषयी त्यांचे मत काय होते?

फारसे गोड नव्हते. महाविद्यालयांत भाषणे देताना त्या सांगत की, प्रतिभा शिकवता येत नाही. शिक्षक फार तर काय करू नये ते दाखवू शकतो. बेताची बरी, निर्दोष आणि निर्जीव कथा लिहिणारे ढिगाने तयार होतील, ही त्यांची भीती होती. आज असे अभ्यासक्रम सर्वत्र फोफावलेले पाहता ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. तरीही त्या स्वतः पदवीनंतर आणखी एक वर्ष आयोवातच राहिल्या होत्या. एंगल यांनी तिथेच १९६७ मध्ये हुआलिंग न्ये यांच्यासोबत जगभरच्या लेखकांसाठी कार्यक्रम सुरू केला आणि सत्तरच्या दशकात कवी दिलीप चित्रे त्यात सहभागी झाले, ही मराठीशी जोडलेली कडी.

शेवटची कथा कोणती?

१९६४ च्या सुरुवातीला झालेल्या शस्त्रक्रियेनंतर ल्युपस पुन्हा उसळला. डॉक्टरांनी काम करायला मनाई केली. ओकॉनर रुग्णालयात उशीखाली वही लपवून लिहीत राहिल्या. त्या महिन्यांत त्यांनी पुन्हा हाती घेतली ती १८ वर्षांपूर्वीची ‘द जेरेनियम’. मधल्या काळात एकदा तिला नवे रूप देऊन पाहिले होते, पण समाधान झाले नव्हते. आता कथेतून कुंडी गेली. म्हातारा नुसता हळहळत बसत नाही. जिवंत नाही तर मेल्यावर तरी गावी पोहोचायचेच, असे ठरवून तो घराबाहेर पडतो आणि जिन्यातच मरतो. मुलगी त्याला न्यूयॉर्कमध्येच पुरते. मग तिला रात्र रात्र झोप लागत नाही. शेवटी ती प्रेत उकरून काढते आणि जॉर्जियाला पाठवते.

कथेचे नवे नाव ‘जजमेंट डे’. ३ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी, ओकॉनर यांचे मिलेजव्हिलमध्ये निधन झाले. १९६५ मध्ये निघालेल्या ‘एव्हरीथिंग दॅट रायझेस मस्ट कन्व्हर्ज’ या संग्रहात ही कथा अखेरची आहे. १९७१ मध्ये त्यांच्या सर्व कथा एकत्र छापल्या गेल्या. त्या पुस्तकाला पुढच्या वर्षी नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. त्यात पहिली कथा ‘द जेरेनियम’ आहे आणि शेवटची ‘जजमेंट डे’.