पंडिता रमाबाई : वर्षाला एक डॉलर वर्गणी, बोस्टनमध्ये संघटना आणि पुण्यात शाळा, काय होती 'रमाबाई असोसिएशन'?

परभणी जिल्ह्यातल्या बोरीसारख्या गावात महिलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या छोट्या संस्थेला आज परदेशातून देणगी घ्यायची असेल, तर 'एफसीआरए' नोंदणी लागते आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं उघडावं लागतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेने परदेशी निधी घेऊन तो छोट्या संस्थांना वाटणंही बंद झालं. पण पैसा परदेशातला आणि काम इथलं असेल, तर अटी कुणाच्या चालणार? हा वाद नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या आयुष्याला तो सर्वाधिक चिकटला.

कलकत्त्याची 'सरस्वती'

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने ते रमाला दिलं. पुराण सांगत फिरणारं हे कुटुंब दुष्काळात सापडलं. आई, वडील आणि बहीण गेले. भावासोबत भटकत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये त्यांचा बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह झाला. दोनच वर्षांत पती वारले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या. इथे त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्राने हे त्यांना कधीच पूर्ण माफ केलं नाही.

डॉलरची वर्गणी

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली. त्यातूनच डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' उभी राहिली.

तिची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. शहराशहरांत स्थानिक मंडळं, तिथली 'सर्कल्स'. प्रत्येक सभासदाने वर्षाला किमान एक डॉलर द्यायचा, तोही सलग दहा वर्षं. म्हणजे एका धनिकाच्या मर्जीवर काही अवलंबून नाही. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल होते. पदाधिकारी वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे होते, त्यामुळे शाळेत धर्मप्रसार होणार नाही, हे तत्त्व तिथेच ठरलं. भारतात सल्ल्यासाठी न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी होती.

पुण्यात ठिणगी

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी 'शारदा सदन' सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्यात हललं. सदनात जातीचे नियम पाळायची मुभा होती. पण रमाबाई स्वतः प्रार्थनेला बसत, तेव्हा खोलीचं दार बंद नसे. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना हाकलायचं नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागारपदावरून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. खरं तर सल्लागारांची अडचणही समजण्यासारखी होती, कारण त्यांच्या शब्दावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या. बोस्टनने मात्र पाठिंबा काढला नाही. त्याच वर्षी सदनातल्या गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

दहा वर्षं संपली

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि दौंडजवळच्या केडगावला त्यांना आसरा दिला. तेच पुढचं 'मुक्ती मिशन'. १८९८ मध्ये वर्गणीची मुदत संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. जुनी संघटना विसर्जित झाली आणि 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. आता धर्मशिक्षणाबाबत त्यांचे हात मोकळे होते. केडगाव उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली.

पुढे तिथे छापखाना चालला, मुली जुळारी झाल्या आणि रमाबाई मूळ भाषांतून मराठी बायबल करत राहिल्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचं केडगावलाच निधन झालं. मुक्ती मिशनचं काम तिथे आजही सुरू आहे.